फॉगलाईटची वायरिंग गाडीवर नीट कशी ओढावी? (टाकी काढून ठेवली आहे, सल्ला हवा)

घाटवाट (पुणे)

नमस्कार मंडळी,

माझी ३५० सीसीची गाडी आहे. गेल्या वर्षी एका अॅक्सेसरीच्या दुकानातून क्रॅशगार्डवर दोन एलईडी फॉगलाईट (प्रत्येकी २० वॉट), हँडलवर त्यांचा स्विच आणि मोबाईलसाठी यूएसबी चार्जर बसवून घेतला. परवा ताम्हिणीत धुकं होतं. एका हेअरपिनला हँडल उजवीकडे वळलं आणि फॉगलाईट, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाईट सगळं एकदम गेलं. मागून ट्रक येत होता. इंजिन आणि हेडलाईट चालू राहिले म्हणून कडेला घेता आलं. फ्यूज उडाला होता. नवा टाकला तर हँडल सरळ असेपर्यंत सगळं ठीक, उजवीकडे पूर्ण वळवलं की परत उडायचा.

घरी येऊन टाकी काढली. आत जे दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण अशाच दुकानांतून काम करून घेतलेले इथे बरेच जण असतील.

फॉगलाईटची वायर हँडलच्या स्टॉपरच्या समोरून गेलेली. उजवीकडे पूर्ण वळवलं की स्टॉपर तिला फ्रेमवर दाबतो. तिथलं इन्शुलेशन सपाट होऊन फाटलंय, आतलं तांबं हिरवट-काळं पडलंय. करंट घेतलाय तो हॉर्नच्या लाईनवरून. कंपनीची वायर मधोमध सोलून तिच्यावर नवी वायर पिळलीय आणि वर काळी टेप. टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकलेली, जोड अर्धा उघडा. टाकीखाली वायर फ्रेमच्या पाठीवरून नेलीय, तिथे टाकीच्या कडेने तिच्यावर खाच पाडलीय. आणि उरलेली हातभर वायर वेटोळं करून सिलिंडरच्या हेडजवळ केबल टायने आवळून टाकलीय. रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, वेगळा फ्यूज नाही.

आता सगळं उपसून पहिल्यापासून स्वतः करायचं ठरवलंय. मल्टिमीटर वापरता येतो, घाई नाही. पण वायर नेमकी कुठून न्यावी, टाय कुठे मारावेत, जोड सोल्डर करावेत की क्रिंप (धातूच्या टोपीत वायर घालून दाबणं), यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

करवीर_वायरमन (कोल्हापूर)

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. अशा गाड्या कायम येतात, आणि पावसाळ्यात जास्त.

दादा, आधी एक गोष्ट बघा. तुमचे लाईट क्रॅशगार्डवर आहेत. क्रॅशगार्ड फ्रेमला बोल्ट केलेला, हँडलबरोबर फिरत नाही. मग लाईटचा मुख्य करंट हँडलपर्यंत न्यायचं कारणच काय? बॅटरी सीटखाली, रिले सीटखाली, तिथून वायर टाकीखालून फ्रेमच्या कडेने पुढे आणि खाली क्रॅशगार्डवर. हलणारा भाग वाटेत कुठेच नाही. हँडलवर जायचं ते फक्त स्विचच्या दोन बारीक वायरींनी. रिलेच्या कॉइलला साधारण ०.१५ अँपिअर लागतात, त्याला जाड वायर लागत नाही. दुकानवाल्यांनी पूर्ण करंट स्विचमधून फिरवला म्हणून जाड वायर नेकमधून (हँडल फ्रेमला जिथे बसतं तिथून) गेली आणि तिथे चिमटली.

रिलेची जोडणी: बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, फ्यूजमधून ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून लाईट. ८५ अर्थला. ८६ ला स्विचमधून आलेला करंट. स्विचचा करंट किल्लीनंतरचा घ्या. टेललाईटच्या पार्किंगची वायर सीटखालीच सापडते, तिच्यावरून घेतलात तर किल्ली बंद केली की फॉगलाईट आपोआप बंद. त्या बारीक वायरलाही २ अँपिअरचा फ्यूज टाका.

४० वॉट म्हणजे साधारण ३ अँपिअर. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज आणि १ स्क्वेअर एमएमची वायर भरपूर. पुढे-मागे कोणी ५५ वॉटचे दोन हॅलोजन लावणार असेल तर ९ अँपिअरच्या वर जातं, तिथे २.५ची वायर आणि १५चा फ्यूज लागतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत पाहिजे. फ्यूज लाईट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघड्यावर असतो, तो जितका लहान तितकं बरं.

टाय कुठे मारायचे ते दुपारी लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

---

तांबट

चांगला धागा. माझा अनुभव असा की सोल्डरला तोड नाही. पिळलेला जोड, त्यावर सोल्डर, त्यावर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). घरातल्या सगळ्या वस्तूंना असंच करतो, कधी सुटलेला नाही. क्रिंप ओढला की निघतो.

---

करवीर_वायरमन (कोल्हापूर)

तांबटसाहेब, घरातली वस्तू हलत नाही. गाडी हलते, आणि सिंगल सिलिंडरची गाडी तर फारच. वितळलेलं सोल्डर वायरच्या तारांमध्ये शोषलं जातं आणि जोडापासून पुढे थोडं अंतर आत शिरतं. तेवढी वायर कडक होते. जिथे कडक संपून मऊ सुरू होते, बरोबर त्या रेषेवर रोज हादरे बसतात आणि तारा एकेक करून तुटतात, आपण तार वाकवून वाकवून तोडतो तशा. वरून हीट श्रिंक असल्याने काहीच दिसत नाही. लाईट कधी लागतो, कधी नाही, एवढंच कळतं.

ओढल्यावर निघणारा क्रिंप हा पकडीने दाबलेला असतो. क्रिंपिंग टूल घ्या, रॅचेटवालं. पूर्ण दाबल्याशिवाय ते सुटतच नाही. थिंबल (ती धातूची टोपी) वायरच्या मापाचं घ्या. एक कान तांब्यावर, दुसरा इन्शुलेशनवर बसला पाहिजे. इन्शुलेशनवरचा कान हादरा झेलतो, म्हणून तो महत्त्वाचा. दाबून झाल्यावर जोर लावून ओढून बघा. निघाला तर टूलखालीच निघू दे.

सोल्डर करायचंच असेल तर जोड सरळ भागात ठेवा, आतून गोंद असलेली हीट श्रिंक दोन्ही बाजूंना इन्शुलेशनवर चांगली पुढे न्या आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे टाय मारा, म्हणजे तो भाग वाकणारच नाही. हँडलच्या नेकमध्ये मात्र जोड नकोच. ना सोल्डर, ना क्रिंप. तिथून अखंड वायर गेली पाहिजे.

---

तांबट

हे कारण मला माहीत नव्हतं. माझ्या भावाच्या गाडीचा मागचा इंडिकेटर असाच मधूनमधून जातो, जोड मीच दिलेला आहे. उघडून बघतो.

---

संत्रानगरी (नागपूर)

उन्हाबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उन्हात उभी असते.

काळी पीव्हीसी टेप गाडीवर वापरूच नका. उन्हात गोंद पाझरतो, टेप सरकते, धूळ चिकटते आणि नंतर काम करणाऱ्याचे हात बरबटतात. कंपनीच्या हार्नेसवर (वायरींच्या मूळ जुडग्यावर) बघा, कापडी टेप असते. ती आता सहज मिळते, उष्णता सहन करते आणि घासलं तर आवाजही करत नाही. पांढरे केबल टायसुद्धा नकोत. ऊन खाऊन ते ठिसूळ होतात आणि एक दिवस टचकन तुटतात. काळे घ्या, ऊन सोसणारे असा उल्लेख पाकिटावर असतो.

साधी पीव्हीसीची वायर ७० अंशांपर्यंतच चालते. सायलेन्सरचा बेंड पाईप, सिलिंडरचं हेड, मागच्या बाजूला रेग्युलेटर, या तिन्हींपासून चार बोटं तरी लांब. तुमची हातभर वायर हेडजवळ बांधलेली होती हे वाचून अंगावर काटा आला. गाडीच्या दुकानात ऑटोमोटिव्ह वायर मागा, तिचं इन्शुलेशन पातळ असून जास्त ताप सोसतं. सिलिकॉनची वायर ताप खूप सोसते, पण तिला धारदार कडा लागली की पटकन चिरते. ती नेलीत तर वर स्लीव्ह (वायरवर चढवायची नळी) हवीच.

आणि उरलेली वायर गुंडाळून कोंबण्यापेक्षा कापा. कापायला जीवावर येतं म्हणून वेटोळी केली जातात. आधी दोरीने माप घ्या, मग वायर कापा.

---

घाटवाट (पुणे)

ताई, दोरीचं एकदम पटलं. करवीरदादा, तुमची वाट बघतोय. स्विचच्या वायरी नेकमधून कशा न्यायच्या ते समजावा.

---

करवीर_वायरमन (कोल्हापूर)

आलो.

नेक. टाकी काढलेली आहेच, तर कंपनीचा हार्नेस नेकजवळ कुठून जातो ते बघा. तो हँडलच्या फिरण्याच्या मध्याला जितका चिकटून नेता येईल तितका नेलेला असतो, म्हणून हँडल कुठेही वळवलं तरी त्याची लांबी फारशी ताणली जात नाही, नुसता पीळ बसतो. तुमच्या दोन वायरी त्याच्याच अंगाने न्या. क्लच केबलच्या किंवा अॅक्सिलरेटर केबलच्या अंगाने नको. त्या केबल आत-बाहेर सरकतात आणि वायर घासून काढतात.

हँडल डावीकडे पूर्ण वळवा. उजवीकडे पूर्ण वळवा. ज्या बाजूला वायर जास्त लागते त्या बाजूला हँडल ठेवून माप घ्या आणि वर दोन बोटं सैल सोडा. आता उलट बाजूला वळवून बघा की हा सैल भाग लोंबून स्टॉपरमध्ये किंवा टीच्या (फोर्क धरणाऱ्या पट्टीच्या) फटीत तर जात नाही ना. जात असेल तर सैलपणाचा बाक वरच्या बाजूला काढा.

हँडलवर एक टाय, फ्रेमवर एक टाय. मधल्या भागात एकही नाही. लोकांना वाटतं जितके टाय तितकं घट्ट आणि छान. हलणाऱ्या भागात टाय मारला की सगळा पीळ त्या एका टायपाशी येतो आणि वायर तिथेच तुटते.

फ्रेमवर मात्र वीतभर अंतराने टाय मारा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे एक, पलीकडे एक, वळणावर नाही. वायरी आधी स्लीव्हमध्ये किंवा कापडी टेपमध्ये एकत्र करा, मग वर टाय. उघड्या वायरवर टाय ओढला तर तो इन्शुलेशनमध्ये रुततो. किती घट्ट? जुडगा बोटाने जागच्या जागी फिरला पाहिजे, पण पुढे-मागे सरकता कामा नये. आणि सगळे टाय आधी सैल लावा. पूर्ण वाट डोळ्यांखालून घाला, हँडल फिरवा, मग एकेक ओढा. टायची शेपटी कटरने अगदी सपाट कापा. तिरकी कापली तर पुढच्या वेळी हात फाडते.

फ्रेमच्या पत्र्याच्या भोकातून वायर नेणार असाल तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग). ग्रोमेट नसेल तर त्या भोकातून जाऊच नका, वळसा घाला.

---

मांडवीकाठ (पणजी)

आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस. दोन गोष्टी सांगतो.

कपलरचं (वायरी जोडायच्या सॉकेटचं) तोंड कधीही वर ठेवू नये. वायर कपलरमध्ये शिरण्याआधी खाली बाक घेऊन वर आली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बाकापाशी ठिबकून जातं, आत शिरत नाही. रिलेचंही तसंच. पिना खाली तोंड करून बसवा.

दुसरं, वायरींवर चढवतात ती रेघारेघांची काळी प्लास्टिकची नळी. लोक तिची दोन्ही टोकं टेप लावून गच्च बंद करतात. पाणी कुठून तरी शिरतंच, आणि मग नळीत साठून राहतं. सगळ्यात खालच्या ठिकाणी छोटं भोक पाडा. कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. माझ्या स्कूटरचे कपलर किती पावसाळे त्याच्यावर स्वच्छ राहिलेत.

---

नवशिका_१००

माझी बरीच जुनी १०० सीसीची गाडी आहे. यूएसबी चार्जरला हेडलाईटच्या वायरवरून करंट घेऊ का? डोममध्ये जागा आहे आणि टाकी काढावी लागणार नाही.

---

करवीर_वायरमन (कोल्हापूर)

नका घेऊ. जुन्या १०० सीसी गाड्यांत बहुतेक वेळा हेडलाईट एसीवर चालतो, थेट मॅग्नेटच्या कॉइलवरून. रेस दिली की उजेड वाढतो, सोडली की मंदावतो, ती ही भानगड. चार्जरला बॅटरीचा डीसी पाहिजे. हॉर्न किंवा ब्रेकलाईटची लाईन डीसी असते, पण तिथून थेट सोलून न घेता बॅटरीवरून ३ अँपिअरच्या फ्यूजसकट वेगळी लाईन ओढा.

आणि रंगावर विश्वास ठेवू नका. होंडाच्या गाड्यांत अर्थ हिरवी असते आणि काळी म्हणजे किल्लीनंतरचा करंट. यामाहात काळी म्हणजे अर्थ. सुझुकीत काळीवर पांढरी रेघ. एका गाडीवरची सवय दुसऱ्या गाडीवर वापरली की ठिणगी. टेस्ट लॅम्प लावा आणि मगच हात घाला. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस सोडवा, शेवटी जोडा.

---

दुचाकी_भटकी (ठाणे)

एबीएसवाल्या गाड्यांसाठी एक गोष्ट जोडते. पुढच्या चाकाच्या सेन्सरची बारीक वायर ब्रेकच्या होसबरोबर फोर्कवरून वर येते. तिला काहीही बांधू नका. फोर्क दबतो-उघडतो, आणि त्या वायरची वाट तेवढ्यासाठीच मोजून ठेवलेली असते. तिला खाली टाय मारला की खड्ड्यात फोर्क पूर्ण उघडतो तेव्हा ताण येतो आणि एबीएसचा दिवा पेटतो. मैत्रिणीच्या गाडीला हेच झालं. फॉगलाईटवाल्याने "मोकळी लोंबतेय" म्हणून बांधून दिली होती.

बीएस६ गाड्यांत ईसीयूकडे (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जाणाऱ्या कुठल्याही वायरीवर जोड देऊ नका. कंपनीच्या कपलरला बसणारा टी-कपलर मिळतो, वायर न कापता मध्ये घालता येतो. पुढे काढून टाकला की गाडी होती तशी. वॉरंटीत असलेल्यांनी तर एवढं पाहावंच, कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरशी वाद ठरलेला.

---

घाटवाट (पुणे)

रविवारी काम झालं. सगळ्यांचे मनापासून आभार. कसं केलं ते लिहितो.

नाना पेठेतून ऑटोमोटिव्ह वायर, झाकणवाला फ्यूज होल्डर, सॉकेटसकट रिले आणि कापडी टेप घेतली. क्रिंपिंग टूल तपकीर गल्लीत मिळालं.

आधी दुकानाची सगळी वायर काढली. हॉर्नच्या लाईनवरचा सोललेला भाग साफ करून त्या जागी नीट क्रिंप जोड आणि गोंदवाली हीट श्रिंक दिली. मग सुतळीने वाट आखली. रिले सीटखाली टूलकिटच्या बाजूला बसवणार होतो, पण सीट लावून दाबली तर सीटचा तळ रिलेला टेकत होता. तो साईड पॅनलच्या आत सरकवला, पिना खाली. तिथून वायर फ्रेमच्या डाव्या कडेने. उजवीकडे कंपनीचा हार्नेस आणि अॅक्सिलरेटर केबल दोन्ही आहेत, आधीच गर्दी. टाकीखाली ती फ्रेमच्या पाठीवरून न नेता बगलेतून नेली.

स्विचच्या दोन वायरी मात्र नेकपाशी उजवीकडे हार्नेसच्या अंगाला गेल्या. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्यांदा बाक खाली काढला होता, तर डावीकडे वळवल्यावर तो टीच्या फटीकडे ओढला जात होता. वर काढला आणि मोकळा झाला. सगळे टाय सैल असताना हे दिसलं म्हणून बरं, नाहीतर पाच-सहा टाय कापावे लागले असते.

अर्थ फ्रेमला न देता थेट बॅटरीच्या मायनसला आणला. लाईट चालू ठेवून लाईटची अर्थ वायर ते बॅटरीचा मायनस असं मल्टिमीटरवर बघितलं, ०.०५ व्होल्ट. जुन्या वायरिंगवर हाच आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर होता. उजेडातला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो.

टाकी अजून बसवलेली नाही. वायर बगलेत असली तरी टाकी दाबणार नाही याची खात्री कशी करायची? आत बोट जात नाही आणि टाकी बसली की दिसतही नाही.

---

उंदीरग्रस्त

विषय थोडा वेगळा, पण वायरिंगचाच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडतात. जाळीची स्लीव्ह चालेल का?

---

संत्रानगरी (नागपूर)

नायलॉनची विणलेली जाळी त्यांना अडवत नाही. रेघांची कडक नळी थोडी अडवते. आमच्याकडे सीटखाली शेंगदाण्याची टरफलं सापडायची, म्हणजे तिथे बसून खात होते. सीटखालची मोकळी जागा बंद केली आणि गाडी भिंतीपासून दूर लावायला लागलो, तेव्हा कमी झालं. गाडी रोज हलवणं सगळ्यात चांगलं.

---

करवीर_वायरमन (कोल्हापूर)

घाटवाट, काम छान झालंय. ०.०५ म्हणजे उत्तम, ०.२च्या आत असलं तरी मी गाडी सोडतो.

टाकीसाठी घरातून मळलेली कणीक घ्या. सुपारीएवढ्या गोळ्या करून प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळा आणि वायरच्या जुडग्यावर तीन-चार ठिकाणी ठेवा. टाकी बसवा, मागचा बोल्ट हाताने लावा, टाकीवर थोडा भार द्या. परत उचला. गोळी थोडी दबली असेल तर जागा आहे. कागदासारखी चपटी झाली असेल तर तिथे टाकी वायरवर बसतेय, जुडगा अजून खाली घ्या. पुढचे रबर झिजले असतील तर टाकी आणखी खाली बसते, ते आधी बघा.

टाकी बसल्यावर इंजिन चालू करा आणि हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली तर अॅक्सिलरेटर केबल कशात तरी अडकली, टाकी परत काढा. इंडिकेटर, हॉर्न, ब्रेकलाईट, फॉगलाईट सगळं दोन्ही टोकांना वाजवून आणि लावून बघा. पाण्याचा पाईप मारा, परत बघा.

---

घाटवाट (पुणे)

कणकेने काम केलं. चारपैकी पुढची गोळी चपटी झाली, म्हणजे नेकच्या मागे टाकी टेकत होती. एक टाय कापून जुडगा अंगठाभर खाली घेतला, दुसऱ्यांदा गोळी जाड राहिली. रबर शाबूत आहेत. इंजिन चालू ठेवून हँडल फिरवलं, रेस हलली नाही. पाईपने भिजवलं, सगळं चालू.

मागे कॅरियर आणि सॅडलबॅगही आहेत. टेललाईटची वायर मडगार्डच्या आतून जाते, तिथेही काही बघावं का?

---

दुचाकी_भटकी (ठाणे)

हो. सामान भरून, मागे कोणाला तरी बसवून खालून बघा. मागचा सस्पेन्शन पूर्ण दबला की टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला बराच जवळ येतो, आणि क्लिप तुटलेली असेल तर वायर लोंबून टायरला लागते. क्लिप नसेल तर टाय मारायला आधार राहत नाही, मडगार्डच्या बोल्टला रबर चढवलेला पी-क्लॅम्प लावा. कॅरियरचे बोल्ट आतल्या बाजूला किती बाहेर येतात तेही हात फिरवून बघा. लांब बोल्ट असेल तर त्याचं टोक बरोबर वायरवर टेकतं.

---

घाटवाट (पुणे)

बघितलं. एक क्लिप तुटलेली आणि डावीकडचा बोल्ट खरंच लांब आहे, वायरवर त्याचा डाग पडलाय, इन्शुलेशन मात्र शाबूत. उद्या छोटा बोल्ट आणि पी-क्लॅम्प आणतो.